आश्रय आणि मिंधेपणा

दुसऱ्याचें साह्य घेतल्यानें मनुष्य मिंधा होतो काय? देणाऱ्याच्या धर्माविषयीं आमच्या पूर्वजांनीं पुष्कळ लिहून ठेविलें आहे. घेणाऱ्याच्या मनाचा विचार मात्र थोडक्यांत आटोपलेला दिसतो. महाराष्ट्रांतील ख्रिस्ती कुटुंबांविषयीं सुशिक्षित घरांतूनही जें सहज बोललें जातें, तें ऐकतांना हा प्रश्न आमच्यापुढें वारंवार उभा राहतो. ‘भाकरीसाठीं बाटले’ एवढे दोन शब्द उच्चारले कीं विषय संपतो. तो इतक्या स्वस्तांत संपूं नये असें आम्हांस वाटतें.

एकोणिसाव्या शतकांत जात ही केवळ बेटीव्यवहाराची मर्यादा नव्हती. बारशाला जमणाऱ्या बायका, लग्नांतले वाढपी, आजारांत रात्र जागविणारीं माणसें आणि शेवटीं तिरडीला खांदा देणारे चौघे, हे सर्व तिच्याकडूनच मिळत. धर्मांतर करणाऱ्याचें हें सारें एका दिवसांत नाहींसें होई. १८५० च्या २१ व्या कायद्यानें धर्मांतरामुळें वारसाहक्क बुडणार नाहीं असें ठरविलें खरें. पण कायद्यानें शेत मिळतें, पंगतींतला पाट मिळत नाहीं. १८४३ सालचें श्रीपत शेषाद्रि याचें प्रकरण या बाबतींत फार बोलकें आहे. वडील बंधु नारायण शेषाद्रि ख्रिस्ती झाले. धाकटा श्रीपत कांहीं काळ मिशनच्या आश्रयास राहिला. न्यायालयानें त्याला बापाच्या स्वाधीन केलें. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. परंतु मिशनच्या घरीं त्याचें जेवणखाण झालें होतें, आणि तेवढ्यावरून त्या अल्पवयी मुलाला जातींत परत घ्यावें कीं नाहीं यावर मुंबईंत रणें माजलीं. प्रायश्चित्त देऊन घ्यावें असें म्हणणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनाही लोकांचा रोष सोसावा लागला. नारायण शेषाद्रींनीं पुढें जालन्याजवळ बेथेल नांवाची ख्रिस्ती लोकांची वस्ती वसविली. ज्याला जुनें गांव राहिलें नाहीं त्यानें नवें गांव वसवावें, यांत नवल काय? आधीं आम्हीं त्याच्या डोक्यावरचें छप्पर काढलें, आणि मग तो दुसऱ्याच्या वळचणीस उभा राहिला म्हणून त्यालाच लोभी ठरविलें.

वळचणही दोन प्रकारची असते. मिशन वेगळें आणि मंडळी वेगळी. मिशनकडे पैसा, शाळा, दवाखाना आणि नोकरी; मंडळीकडे बहुधा हातपायच. नारायण वामन टिळक १८९५ सालीं मुंबईस ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनीं बाप्तिस्मा घेतला तो १९०० त. मधल्या काळांत पतीच्या घरीं परतल्यावरही आपला स्वयंपाक व पाणी वेगळें राखण्यासाठीं त्या माउलीनें केलेला खटाटोप ‘स्मृतिचित्रें’ वाचणारास ठाऊकच आहे. नगरकडची मंडळी बहुतांशीं महार समाजांतून आलेली. ज्यांची सावली टाळावयाची असें लहानपणापासून शिकविलेलें, त्यांच्याच शेजारीं हें ब्राह्मण कुटुंब उपासनेस बसूं लागलें. येथें कोणीं कोणास आश्रय दिला? आमच्या मतें उत्तर उघड आहे. सर्व पिढ्यांचा मान पाठीशीं घेऊन आलेला कवि येथें पाहुणा होता आणि गांवकुसाबाहेर वाढलेले लोक यजमान होते. याच टिळकांनीं १९१७ सालीं अमेरिकन मराठी मिशनची सेवा सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांसाठीं ‘देवाचा दरबार’ मांडला. दोनच वर्षांनीं ते वारले, तेव्हां तो दरबार कितपत वाढला असता हा तर्काचा विषय आहे. पण मिशनचा आधार सोडवला तरी मंडळीचा सोडवत नाहीं, इतकें त्यावरून आम्ही समजतों.

मंडळींत सारें गोडच असतें असें कोणी समजूं नये. जी सांभाळते ती पाळतही ठेवते. रविवारीं बाकावर कोण दिसलें नाहीं याची नोंद तिच्या डोळ्यांत असते. सोयरीक जुळवितांना पूर्वीची जात हळूच विचारणारीं घरें तेथेंही आहेत. आमच्यांतून गेलेला हा रोग. त्याविषयीं आम्हीं फार बोलणें शोभत नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या शेजारच्या ख्रिस्ती गृहस्थांची पत्नी दीर्घ दुखण्यानें अंथरुणास खिळली. त्यांना नात्याचें माणूस जवळ कोणी नव्हतें. आळींतले आम्ही सर्व फाटकापाशीं उभें राहून प्रकृतीची चौकशी करीत असूं. घरांत मात्र रोज कोणीतरी येई: एक बाई मुलांच्या भाकऱ्या करून जाई, एक निवृत्त शिक्षक औषधें आणून देत, पाळक संध्याकाळीं प्रार्थनेस येत आणि जातांना केराची बादलीही बाहेर नेऊन ठेवीत. आम्हीं एकदां त्या गृहस्थांस म्हटलें, “या लोकांचे उपकार आपल्यानें कसे फिटणार?” त्यांना आमचा प्रश्नच नीट कळला नाहीं. ते म्हणाले, “उपकार कसले, सर? पाळी आहे. गेल्या साली त्या भाकरीवाल्या बाईंच्या सासऱ्यांपाशीं रात्रीं मी बसत होतों.”

ऋण फेडण्याचा जो हिशेब आम्ही मनाशीं मांडीत होतों, तो या घरांत कोणी मांडीतच नव्हतें.

त्याच दिवशीं आम्ही प्रथम आंत गेलों. स्वयंपाकघराच्या दाराशीं एक कागद चिकटविलेला होता. त्यावर वारांपुढें नांवें लिहिलीं होतीं. गुरुवारपुढें कोणाचेंच नांव नव्हतें. आम्हीं तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला, बरोबर नेलेलीं मोसंबीं टेबलावर ठेविलीं, दोन धीराचे शब्द बोललों आणि घरीं आलों.