मंडळी उठून गेल्यावर

स्कॉटलंडच्या इन्व्हर्नेस शहरात चर्च स्ट्रीटवर गेलिक भाषिकांसाठी १७९३ मध्ये बांधलेले एक चर्च आहे. १९९४ पासून तिथे ‘लीकीज’ हे जुन्या पुस्तकांचे दुकान आहे. रंगीत काचांच्या खिडक्या आणि वरचा सज्जा जागच्या जागी आहेत. मधोमध लाकडांवर पेटणारी मोठी शेगडी, सज्ज्याकडे चढणारा गोल जिना आणि भिंती झाकून टाकणारी लाखभर पुस्तके व जुने नकाशे. पाहणारा हरखून जातो, पण श्रद्धावंताला एक प्रश्न टोचतोच. जिथे पिढ्यान्‌पिढ्या स्तोत्रे गायली गेली, तिथे गल्ला मांडणे हा त्या जागेचा अवमान नव्हे काय? माझ्या मते नव्हे, आणि त्याचे पहिले कारण त्या चर्चच्याच धर्मविचारात सापडते.

१५६० च्या धर्मसुधारणेने स्कॉटलंडमधून तीर्थयात्रा, संतांचे अवशेष आणि मूर्ती हद्दपार केल्या. १६४७ मध्ये स्कॉटिश चर्चने स्वीकारलेल्या वेस्टमिन्स्टर श्रद्धापत्रात तर स्वच्छ म्हटले आहे की, उपासना कोणत्याही स्थळाशी बांधलेली नाही आणि स्थळामुळे ती देवाला अधिक प्रिय होत नाही. म्हणजे बांधणाऱ्यांच्या लेखी या भिंती कधीच पवित्र नव्हत्या. पवित्र होते ते त्यांच्या आत वाचले जाणारे वचन. आपल्याकडची भूमिका वेगळी असली तरी फार दूरची नाही. पार्थिव गणपतीत प्राणप्रतिष्ठेने देवत्व येते आणि उत्तरपूजेनंतर ते राहत नाही. मग ती मूर्ती पाण्यात सोडताना कोणाला पाप वाटत नाही. पावित्र्य वस्तूला कायमचे चिकटत नाही, हे दोन्ही परंपरांना मान्य आहे.

यावर येशूने मंदिरातल्या व्यापाऱ्यांना हाकलल्याची कथा पुढे केली जाईल. पण जेरुसलेमचे ते मंदिर चालते होते आणि व्यापार उपासनेच्या आवारात शिरला होता. इथे उपासना आधी संपली, दुकान नंतर आले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. श्रद्धापत्र काहीही म्हणो, माणसे वास्तूवर जीव लावतात, आणि जिथे आजी-आजोबा प्रार्थनेला बसले तिथे रहस्यकथा विकल्या जाताना पाहून दुखते. हे दुखणे खरे आहे, आणि सिद्धान्त सांगून ते शमत नाही. मात्र त्या वास्तूपुढचे इतर मार्ग कोणते होते, हेही पाहिले पाहिजे: कुलूप, गोदाम, पाडकाम. दुकानामुळे सज्जा वाचला, दार रोज उघडते, आणि शब्दासाठी बांधलेल्या घरात माणसे अजून शब्दांसाठीच येतात. जुन्या प्रवचनांच्या खंडाशेजारी रहस्यकथा बसली म्हणून प्रवचन उणे होत नाही.

तरीही काहीच हरवले नाही असे मी म्हणणार नाही. वाचक एकेकटा येतो. मंडळी एकत्र येत असे, आणि तीही स्वतःच्या भाषेत. स्कॉटिश गेलिकमध्ये नवा करार १७६७ मध्ये छापला गेला, संपूर्ण जुना करार १८०१ मध्ये पुरा झाला. म्हणजे हे चर्च उभे राहिले तेव्हा त्या लोकांच्या हाती स्वभाषेतले पूर्ण बायबलही नव्हते. पुढे १८७२ च्या शिक्षण कायद्याने शाळा सक्तीच्या केल्या, पण त्यात गेलिकला जागाच ठेवली नाही. मुले इंग्रजी शिकली आणि गेलिक उपासनेची गरज पिढीगणिक घटत गेली. या दुकानाला बोल लावणारा चुकीच्या दारात उभा आहे. अवमान झालाच असेल, तर तो मुलांच्या तोंडची भाषा शाळेबाहेर ठेवणाऱ्यांनी केला, आणि तो पुस्तके येण्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी झाला.