निष्काम कर्म आणि वडाचे रोप

बंगळूरच्या जयनगरमध्ये एक अशोकस्तंभ आहे. १९४८ साली ही वसाहत आकार घेऊ लागली, तेव्हाचा. आम्ही इथले साधक भाजी आणायला, सत्संगाला जाताना त्याला रोज वळसा घालतो. त्या सम्राटाने आपल्या स्तंभलेखात धर्मकार्ये सांगताना एक साधी गोष्टही कोरून ठेवली आहे : माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून मी रस्त्यांच्या कडेने वड लावले.

याच जयनगरमधील एका रुग्णालयात १४ नोव्हेंबर २०२५ रोजी सालुमरद तिम्मक्का यांनी देह ठेवला. त्यांचे वय ११४ वर्षे होते असे सांगतात. ‘सालुमर’ म्हणजे कन्नडमध्ये ओळीने लावलेली झाडे. ते विशेषण लोकांनीच त्यांच्या नावाला जोडले. शाळा नाही, जमीन नाही, मजुरीवर पोट. लग्नाला वर्षे लोटली तरी मूल नाही, आणि त्यापायी लोकांचे बोलणे. मागडी तालुक्यातील हुळिकल गावच्या या बाईंनी पती चिक्कय्या यांच्यासह वडाची रोपे तयार करून हुळिकल ते कुदूर या रस्त्याच्या कडेला लावायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी दहा, दुसऱ्या वर्षी पंधरा, तिसऱ्या वर्षी वीस. लावणी पावसाच्या तोंडावर करायची, गुरांपासून रक्षणासाठी काटेरी कुंपण घालायचे आणि पाऊस सरला की काही किलोमीटर पाणी वाहून न्यायचे. असे ३८५ वड सुमारे साडेचार किलोमीटर रस्त्यावर उभे राहिले. २०१९ मध्ये पद्मश्री स्वीकारताना त्यांनी राष्ट्रपतींच्या कपाळाला हात लावून आशीर्वाद दिला, ते दृश्य आपणही पाहिले असेल.

आता आमची गोष्ट. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात आम्ही एका मोकळ्या जागेत चाळीस रोपे लावली. संकल्प झाला, प्रार्थना झाली, फोटो झाले. मार्चमध्ये गेलो तेव्हा सहा जिवंत होती. परतताना कुणीतरी म्हणाले, “आपण कर्म केले, फळ ईश्वराच्या हाती.” सर्वांनी मान डोलावली, मीसुद्धा. ती डोलावलेली मान मला अजून बोचते.

कारण आपण गीतेतला तो श्लोक अर्ध्यावरच सोडला होता. दुसऱ्या अध्यायातील ४७व्या श्लोकाचे पहिले चरण आपल्याला पाठ असते. शेवटचे चरण मात्र सांगते की अकर्माचीही आसक्ती धरू नकोस. फळाचा त्याग म्हणजे फळातील आपल्या वाट्याचा त्याग. सावली कोणी घ्यावी, नाव कोणाचे व्हावे, आपल्या हयातीत झाड मोठे होईल का, हे सोडून द्यायचे. झाड जगेल का, हा प्रश्न सोडून द्यायची मुभा त्यात कुठे आहे? रोप लावणे हे तासाभराचे काम. कर्म त्यानंतर सुरू होते आणि ते फार कंटाळवाणे असते : घागर, वाट, घागर, वाट.

आपण विचाराल, तिम्मक्का तर त्या झाडांना आपली मुले मानत. मग ती ममता नव्हे का, आणि ममता हे बंधन नव्हे का? मीही यावर बराच अडलो. २०१९ मध्ये रस्तारुंदीकरणात ते वड जाण्याची वेळ आली, तेव्हा शंभरी ओलांडलेल्या तिम्मक्कांनी थेट मुख्यमंत्र्यांना गाठून झाडे वाचवण्याची विनंती केली. एखादा म्हणेल, वैराग्य असते तर त्या गप्प बसल्या असत्या. मला ते पटत नाही. ज्या झाडांपासून स्वतःला काहीच नको, त्यांच्यासाठी त्या वयात दारोदार जाणे ही आसक्ती असेल तर आपल्या अलिप्ततेपेक्षा ती मला जास्त शुद्ध वाटते. वटपौर्णिमेला बाजारातून तोडलेली फांदी आणून पूजा करणारे आपण, त्यांना ममतेबद्दल काय सांगणार!

गेल्या वर्षीपासून आम्ही विकतची रोपे आणणे थांबवले आणि बियांकडे वळलो. जांभळाची बी फार काळ साठवता येत नाही. वाळली की मेली. फणसाचेही तसेच. युरोपात ओकच्या बिया वेचून वने पुन्हा उभी करणाऱ्यांनाही हीच अडचण येते. ओकची बीसुद्धा सुकली की रुजत नाही, आणि रुजली तर पानांआधी खोल मूळ सोडते. त्यामुळे ‘सवडीने पाहू’ हे चालत नाही. जूनमध्ये पदपथावर पडलेली, पायाखाली जांभळे डाग उमटवणारी फळे त्याच दिवशी वेचून, गर धुऊन, बी मातीत घालावी लागते.

माझ्या गच्चीवर दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत सध्या अकरा रोपे आहेत. जागा मात्र तीनच झाडांची मिळाली आहे, म्हणून या खेपेस तीनच लावायची ठरले. खड्डे खणण्याआधी आम्ही जानेवारी ते मेपर्यंतच्या पाण्याच्या पाळ्या कागदावर लिहून काढल्या. सहा वारांना नावे मिळाली आहेत. शनिवार अजून रिकामा आहे.