हौस कुणाची, पोट कुणाचं?

इथल्या ॲपलाचियन डोंगराळ भागात खुर्ची करण्याची एक जुनी पद्धत आहे. तिच्या सांध्यांत खिळा नाही की स्क्रू नाही. ओकचा ओला ओंडका करवतीने चिरत नाहीत, पाचर ठोकून फोडतात. त्यामुळे लाकडाचे तंतू अखंड राहतात आणि बारीकसा दांडाही माणसाचं वजन पेलतो. खरी गंमत पुढेच आहे. आडवे दांडे कोरडेठाक वाळवायचे, पायांत मात्र थोडी ओल राहू द्यायची आणि दांडे पायांच्या भोकांत ठोकून बसवायचे. मग पाय सुकता सुकता आकसतात आणि दांड्यांना घट्ट धरून ठेवतात. बैठक हिकरीच्या सालीच्या पट्ट्यांची, थेट आपल्या बाजेसारखी विणलेली.

ही विद्या शहरी हौशी लोकांपर्यंत नेली बाल्टिमोरच्या जेनी अलेक्झांडर यांनी, १९७८ साली जॉन अलेक्झांडर या नावाने निघालेल्या पुस्तकातून. पेशा वकिलीचा बरं का! आता आपल्यातले इंजिनिअरही फी भरून वीकएंडला असे वर्ग करतात, हाताला फोड आणतात आणि सोमवारी ऑफिसात ते कौतुकाने दाखवतात.

पण मंडळी, हेच काम आपल्या गावगाड्यात सुतार करत होता. नांगर, वखर, बैलगाडीचं चाक त्याने वर्षभर सांभाळायचं आणि सुगीला खळ्यावरून बलुतं न्यायचं. सांधा ढिला निघाला तर तेच गिऱ्हाईक पुन्हा दारात. त्याला कामात आनंद नव्हता असं मी म्हणणार नाही. चांगला बसलेला सांधा कुणालाही सुखावतो. फरक इतकाच, की त्याचं काम त्याच्या जातीने ठरवलेलं होतं. आपल्याला कंटाळा आला तर आपण हत्यारं गराजमध्ये टांगून ठेवू शकतो.

म्हणून हौस खोटी ठरते का? मला तसं वाटत नाही. पण हाताच्या कामाची थोरवी गाणाऱ्यांनी भारतात गेल्यावर आपण कसे वागतो ते आठवावं. इथे दार दुरुस्त करणाऱ्याला तासाचे पैसे मुकाट्याने देतो आणि वर ‘थँक यू’ म्हणतो. तिथे वडिलांच्या वयाच्या सुताराला ‘अरे, इतके कशाचे?’ असं सहज विचारतो. मित्र म्हणतात, ती नुसती भाषेची सवय, मनात काही नसतं. असेलही. उद्या त्याने आपल्याला ‘अरे’ म्हटलं, तर तेही सवय म्हणून सोडून देऊ का?