व्हिएन्नातील घर आणि सजावटीची शैली

व्हिएन्नात घर सजवायला घेणाऱ्याच्या हाती कोरी जागा क्वचितच येते. शहराच्या जुन्या भागांत पहिल्या महायुद्धापूर्वीच्या इमारती आजही मोठ्या संख्येने वापरात आहेत. छताची उंची, खिडक्यांची रचना, दारांची रुंदी आणि पायाखालची लाकडी जमीन यांनी शैलीचा अर्धा निर्णय आधीच केलेला असतो. उरलेल्या अर्ध्याचा वाद या शहरात शंभर वर्षांहून अधिक काळ चालला. घरात अखेरचा शब्द कोणाचा, प्रचलित शैलीचा, आराखडा करणाऱ्या वास्तुकाराचा की तिथे राहणाऱ्या माणसाचा, हा त्या वादाचा गाभा होता.

१८१५ ते १८४८ हा बीडरमायर शैलीचा काळ. नेपोलियनची युद्धे संपली होती आणि चान्सेलर मेटर्निखच्या राजवटीत छापील मजकुरावर व सभांवर कडक नजर होती. सार्वजनिक जीवन आक्रसले, तसे मध्यमवर्गाचे लक्ष घराकडे वळले. चेरी, अक्रोड अशा लाकडांचे, सपाट पृष्ठभागांचे आणि मोजक्या नक्षीचे फर्निचर या काळात रूढ झाले. खोलीत शिवणकामाचे छोटे टेबल एका बाजूला, लिहिण्याचे दुसऱ्या बाजूला आणि सोफ्यासमोर गोल टेबल अशी मांडणी असे. ती दरबारी थाटाऐवजी घरातल्या कामांवरून ठरे. विसाव्या शतकातल्या व्हिएन्नी वास्तुकारांना हा साधेपणा पुन्हा पुन्हा आठवला, तो याच कारणाने.

१८५७ मध्ये सम्राट फ्रान्झ योझेफने शहराची तटबंदी पाडण्याचा आदेश दिला आणि तिच्या जागी रिंगश्ट्रासे हा भव्य रस्ता आला. त्यावर संसद ग्रीक वळणाची, नगरभवन गॉथिक, तर विद्यापीठ रेनेसान्स धाटणीचे झाले. इमारतींमधले हे उसने इतिहास घरांतही शिरले. जेवणाची खोली जुन्या जर्मन पद्धतीची, दिवाणखाना फ्रेंच रोकोको, धूम्रपानाची खोली पौर्वात्य, अशी वाटणी श्रीमंत घरांत होऊ लागली. चित्रकार हान्स माकार्ट याच्या स्टुडिओतले जड पडदे, मखमल, गालिचे आणि वाळलेल्या फुलापानांचे मोठाले गुच्छ यांचे अनुकरण फॅशन बनले. बाहेरून तशाच दिमाखदार दिसणाऱ्या कामगार वस्तीतल्या इमारतींत मात्र एक खोली आणि एक स्वयंपाकघर एवढाच संसार असे. पाण्याचा नळ आणि शौचालय बाहेरच्या सामाईक मार्गिकेत. मुंबईच्या चाळीत राहिलेल्याला हे चित्र ओळखीचे वाटेल. शैली निवडण्याचा प्रश्न तेव्हा फार थोड्यांपुढे होता.

त्याच काळात मिखाएल टोनेट याने बीच लाकूड वाफेवर वाकवून खुर्च्या बनवल्या. १८५९ ची त्याची चौदा क्रमांकाची खुर्ची मोजक्या सुट्या भागांची होती. असे ३६ खुर्च्यांचे भाग एक घनमीटरच्या खोक्यात मावत आणि पोहोचल्या ठिकाणी स्क्रूने जोडले जात. मुंबईच्या इराणी हॉटेलांतल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या याच घराण्यातल्या. कोणत्याही एका शैलीला बांधलेली नसल्यामुळे ही खुर्ची कॅफेत, कचेरीत आणि घरात सारखीच शोभली.

१८९७ मध्ये गुस्ताव क्लिम्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सेसेशन ही संघटना स्थापून उसन्या इतिहासाविरुद्ध बंड केले. १९०३ मध्ये योझेफ हॉफमान आणि कोलोमन मोझर यांनी वीनर वेर्कश्टेट्टे ही कारागिरांची कार्यशाळा सुरू केली. घर ही एक सलग कलाकृती असावी, भिंतीपासून चमच्यापर्यंत सारे एकाच हातातून उतरावे, हा त्यांचा आदर्श होता. ब्रुसेल्समधला स्टोक्ले प्रासाद (१९०५–१९११) हे त्याचे सर्वांत परिपूर्ण उदाहरण. हाताने केलेले उत्तम काम महाग पडे, गिऱ्हाइके मूठभर राहिली, आणि १९३२ मध्ये कार्यशाळा बंद झाली. हा आदर्श पैशापुरताच अवघड नव्हता. जिथे प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते, तिथे राहणाऱ्याला स्वतःचे काही आणून ठेवायला वाव उरत नाही.

ही अडचण वास्तुकार आडोल्फ लोसने १९०० मध्येच ओळखली होती. त्याच्या एका उपहासकथेत एक श्रीमंत गृहस्थ वास्तुकाराकडून संपूर्ण घर कलात्मक करून घेतो. पुढे झोपण्याच्या खोलीसाठी आखलेल्या सपाता दुसऱ्या खोलीत घातल्याबद्दल त्याला बोलणी बसतात आणि घरच्यांनी वाढदिवसाला दिलेल्या भेटवस्तू परवानगीशिवाय स्वीकारल्या म्हणून दटावले जाते. लोसने स्वतः आखलेली घरे रिकामी किंवा रूक्ष नव्हती; त्यांत संगमरवर होता, भिंतींवर लाकडी फळ्यांचे आच्छादन होते, भिंतीतली कपाटे होती. त्याने अधिकारांची वाटणी मात्र स्पष्ट केली. भिंती आणि भिंतीत बसवलेले सारे वास्तुकाराचे. खुर्च्या, टेबले, दिवे, गालिचे राहणाऱ्याच्या आवडीचे.

वास्तुकार योझेफ फ्रँक याने हा विचार पुढे नेला. १९२५ मध्ये त्याने ऑस्कर व्लाखबरोबर ‘हाउस उंड गार्टेन’ हे फर्निचरचे दुकान काढले. तिथे संच विकण्यावर भर नव्हता. कोणत्याही घरात मिसळेल अशी एकेक वस्तू मिळे. वारशाने आलेले, प्रवासात घेतलेले आणि नवे विकत आणलेले एकाच खोलीत नांदू शकते, असे त्याचे मत होते. फर्निचर पायांवर उभे असावे, म्हणजे जमीन दिसते आणि खोली मोकळी वाटते, असेही तो सांगे. ज्यूविरोधी वातावरण वाढल्यावर १९३३ मध्ये तो स्वीडनला गेला आणि पुढे स्टॉकहोमच्या स्वेन्स्क्ट टेन या दुकानासाठी काम करू लागला. आज स्वीडिश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उबदार आधुनिक सजावटीत या व्हिएन्नी माणसाचा मोठा वाटा आहे.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात प्रश्नाचे परिमाण बदलले. १९१९ ते १९३४ या काळात समाजवादी नगरपालिकेने ६० हजारांहून अधिक घरे बांधली. १९३० मध्ये पूर्ण झालेल्या कार्ल-मार्क्स-होफ या एकाच वसाहतीत १,३८२ घरे होती. या लहान खोल्यांत जुनी अवजड कपाटे आणि पलंग मावत नसत, म्हणून तिथे एर्न्स्ट लिख्टब्लाउ याच्या देखरेखीखाली गृहसजावटीचे सल्लाकेंद्र चालवले गेले. व्हिएन्नात शिकलेल्या मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की हिने १९२६ मध्ये फ्रँकफुर्टच्या वसाहतींसाठी आखलेले स्वयंपाकघर जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब होते. ओटा, मांडण्या आणि खण यांच्या जागा तिने पावले मोजून ठरवल्या. इतक्या अरुंद जागेत आराखडा करणाऱ्याची हुकमत उपयोगी पडते, कारण तिथे चुकीच्या जागी बसवलेला एक खण रोजच्या कामात अडथळा होतो.

या इतिहासातून निवडीचा एक क्रम मिळतो. आधी घराचा सांगाडा पाहावा. जुन्या घरात छत तीन मीटरहून उंच असते, त्यावर चुन्याची नक्षी असते, दोन झडपांची दारे आणि तिरकस जोडलेल्या लाकडी पट्ट्यांची जमीन असते. इतकी सजावट आयतीच असल्याने फर्निचर मोजके आणि साधे चालते. जमीन घासून पुन्हा तेल पाजणे हे नवा गालिचा घेण्यापेक्षा अधिक फळ देते. नव्या इमारतींत छत अडीच मीटरच्या आसपास असते. तिथे बुटके, पायांवर उभे फर्निचर आणि फिकट भिंती जागा मोकळी ठेवतात. नंतर उजेड. डिसेंबरात इथे दिवस जेमतेम साडेआठ तासांचा असतो. एका झुंबराने खोलीचे कोपरे अंधारातच राहतात, म्हणून वेगवेगळ्या उंचीवरचे लहान दिवे लागतात. जुन्या दुहेरी खिडक्यांच्या मधली हवा थंडी अडवते. त्या बदलण्यापूर्वी दुरुस्त होतात का हे पाहणे शहाणपणाचे.

तिसरी बाब मालकीची. व्हिएन्नातले बहुसंख्य लोक भाड्याने राहतात. भिंत पाडायची किंवा न्हाणीघर हलवायचे तर घरमालकाची संमती लागते, आणि बसवलेल्या गोष्टी घर सोडताना बहुधा मागेच राहतात. त्यामुळे लोसची वाटणी इथे हिशेबालाही धरून आहे. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि भिंतीतली कपाटे एका शिस्तीत, जाणकाराच्या सल्ल्याने आणि सांगाड्याला धरून करावीत. हलवता येणाऱ्या वस्तू मात्र हळूहळू जमू द्याव्यात, त्यांचा एकच संच घेऊ नये. बीडरमायर, सेसेशन किंवा स्वीडिश यांपैकी कोणतेही वळण या दुसऱ्या भागात चालते. अट एकच: पुढे घरात येणाऱ्या वस्तूला तिथे जागा मिळाली पाहिजे.