साहसाचे देणे

स्वतःच्या जिवावर उदार होण्याचा अधिकार मनुष्यास आहे किंवा नाही, हा नीतिशास्त्रातील एक जुना वाद आहे. समुद्र ओलांडणारे, गिरिशिखरे चढणारे, आकाशात झेप घेणारे अशा सर्वांविषयी तो वेळोवेळी निघाला, आणि जगाच्या व्यवहाराने त्याचा निकाल बहुधा साहसी मनुष्याच्या बाजूने दिला. परंतु या मोठ्या प्रश्नाच्या पोटात एक लहान प्रश्न दडलेला आहे, व लहान म्हणूनच तो दृष्टीआड राहतो. साहसी मनुष्य पडला, पण मेला नाही. हाडे मोडून अथवा डोक्यास मार लागून तो परमुलखात अंथरुणास खिळला. तर त्याच्या शुश्रूषेचा आणि त्यास स्वगृही आणण्याचा खर्च कोणी सोसावयाचा? मोटारसायकलींच्या शर्यतींसाठी परदेशी जाणाऱ्या स्वारांच्या विम्याचा विषय वरवर पाहता रुक्ष हिशेबाचा दिसतो. पण त्यात हाच प्रश्न उभा आहे, म्हणून त्याचा थोडा विचार करण्याचे येथे योजिले आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. ‘डाकार’ नावाची लांब पल्ल्याची शर्यत प्रथम १९७८ च्या डिसेंबरात पॅरिसहून निघाली आणि आफ्रिकेतील सेनेगल देशाच्या राजधानीस पोहोचली. २००९ पासून ती दक्षिण अमेरिकेत भरू लागली, व २०२० पासून सौदी अरबस्तानच्या वाळवंटात भरत आहे. ही शर्यत पुरी करणारे पहिले भारतीय स्वार म्हणजे बंगळुरूचे श्री. सी. एस. संतोष, त्यांनी हा मान २०१५ साली मिळविला. तेच संतोष ६ जानेवारी २०२१ रोजी शर्यतीच्या चौथ्या टप्प्यात पडले. त्यांच्या डोक्यास जबर मार बसला होता. विमानाने त्यांस रियाध येथील इस्पितळात नेण्यात आले. डॉक्टरांनी औषधांच्या योगे त्यांस काही काळ बेशुद्धावस्थेत ठेविले. आणि प्रकृतीस उतार पडल्यावर त्याच महिन्यात रुग्णवाहक विमानातून त्यांस मायदेशी आणण्यात आले. वाळवंटातील शोध, अतिदक्षतेची शुश्रूषा, डॉक्टर व यंत्रे यांनी सज्ज असे विमान, या साखळीतील एकेक कडी किती मोलाची असते हे सांगावयास नको. मध्यम स्थितीतील कुटुंबाने घरदार विकले तरी तो खर्च भागेलच अशी शाश्वती नाही.

दुसरे उदाहरण इंग्लंड व आयर्लंड यांमधील आइल ऑफ मॅन या बेटाचे. तेथील ‘टी. टी.’ शर्यती १९०७ साली सुरू झाल्या. एरवी गाड्या व पादचारी ज्यांवरून जातात त्याच रस्त्यांवर, सुमारे पावणेअडतीस मैलांच्या फेऱ्यात, त्या होतात. आणि त्या मार्गावर आजवर अडीचशेहून अधिक स्वारांनी प्राण गमाविले आहेत. १९७२ साली जिल्बेर्तो पार्लोत्ती हा इटालियन स्वार तेथे मरण पावला, तेव्हा त्याचा जगज्जेता देशबंधू जाकोमो अगोस्तिनी याने त्या बेटावर पुन्हा धावण्याचे नाकारिले. आणि १९७६ नंतर या शर्यतीचे जागतिक अजिंक्यपदातील स्थान गेले. शर्यत मात्र थांबली नाही. बेटावर चांगले इस्पितळ आहे. परंतु मेंदूस अथवा कण्यास गंभीर इजा झालेल्यास समुद्रापलीकडे लिव्हरपूलकडे हलवावे लागते. ब्रिटनमधून आलेल्या पाहुण्यास परस्पर करारामुळे तातडीचे उपचार विनामूल्य मिळतात; पण त्यास परत घरी पोहोचविण्याचा भार त्या करारात नाही. प्रवाशांसाठी सर्रास विकली जाणारी विमापत्रे बहुधा शर्यतीतील अपघात वगळतात. म्हणून आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाने असा दंडक घातला आहे की, स्वारास परवाना देणाऱ्या त्याच्या देशातील संस्थेने त्याच्या अपघातविम्याची ग्वाही द्यावी, आणि त्या विम्यात उपचार व स्वदेशी परत आणणे या दोहोंचा समावेश असावा.

या सक्तीविरुद्ध पूर्वपक्ष असा. स्वार सज्ञान आहे; धोका त्याने जाणूनबुजून पत्करला आहे; जो जीव धोक्यात घालण्यास मोकळा, तो विमा न उतरविण्यास का मोकळा नसावा? परिणाम होईल तो त्याचा तो भोगील. या म्हणण्यात मनुष्याच्या स्वातंत्र्याविषयी जो आदर आहे तो मोलाचा आहे. पण ‘त्याचा तो भोगील’ हे वाक्य खरे ठरण्यास एक अट आहे. ती अशी की, पडलेल्या स्वारास इतरांनी वाळूत तसेच पडू दिले पाहिजे. तसे कोणी करीत नाही. १२ जानेवारी २०२० रोजी पोर्तुगालचा अनुभवी स्वार पाउलो गोंसाल्विस हा याच शर्यतीत कोसळला, तेव्हा मागून येणारा ऑस्ट्रेलियाचा टोबी प्राइस आपली शर्यत सोडून त्याच्यापाशी थांबला. गोंसाल्विस वाचला नाही, आणि दुसऱ्या दिवशीचा मोटारसायकलींचा टप्पा त्याच्या सन्मानार्थ रद्द झाला. शर्यतीचा नियमच असा आहे की, संकटात सापडलेल्या स्वारापाशी थांबल्याने जो वेळ जातो तो थांबणाऱ्यास परत मोजून मिळतो. वेगावाचून दुसरे काही न जाणणारी म्हणून जी स्पर्धा आपण समजतो, तिनेदेखील पतितास टाकून जाऊ नये हा धर्म आपल्या नियमांत लिहून ठेविला आहे.

येथेच पूर्वपक्षाचे उत्तर आहे. आपण पडलो तर कोणीतरी थांबेल, विमान येईल, अनोळखी डॉक्टर रात्र जागून काढील, हा भरवसा बरोबर घेऊनच प्रत्येक स्वार निघतो. तो भरवसा नसता तर त्याच्या साहसाचे स्वरूपच पालटले असते. दुसऱ्याच्या साहाय्याची खात्री आधी धरावयाची, आणि त्याचे मोल देण्याची वेळ आली म्हणजे ‘माझा जीव माझा आहे’ असे म्हणावयाचे, हे न्यायास धरून नाही. मनुष्य ऋणे घेऊनच जन्मास येतो असे आपल्या पूर्वजांनी मानिले. साहसी मनुष्यही ऋण घेऊनच निघतो. विम्याचा हप्ता ही त्या ऋणाची आगाऊ केलेली अंशतः फेड होय.

कोणी म्हणेल, दयाबुद्धी जगातून नाहीशी झाली नाही. अपघातानंतर वर्गणी जमविता येते. येते खरी. परंतु वर्गणीस डोळे असतात, आणि ते प्रसिद्ध चेहऱ्याकडे आधी वळतात. नामांकित स्वारासाठी आठवड्यात लक्षावधी रुपये जमतात. त्याच दिवशी, त्याच वळणावर पडलेल्या अनामिकाची पत्नी दाराशी आलेल्या मोजक्या नोटा मोजीत बसते. शिवाय वर्गणी घेणाराची मान खाली जाते. विमा चेहरा पाहत नाही. त्यात मिळणारे द्रव्य हे ज्याचे त्याने आधी घेतलेले हक्काचे द्रव्य असते. रुग्णाचा स्वाभिमान राखून त्याची शुश्रूषा करणे हा गुण दयेत कधी असतो, कधी नसतो. करारात तो सदैव असतो.

दुसरा आक्षेप असा की, विमा मनुष्यास बेफिकीर करितो. गोदामाचा विमा उतरला की व्यापारी कुलपाकडे पाहत नाही, हे काही अंशी खरे आहे. पण गोदामातील मालाची भरपाई पैशाने होते. मोडलेल्या कण्याची होत नाही. परतीच्या विमानाची सोय झाली म्हणून कोणी स्वार वळणावर अधिक वेगाने जाईल, हे मनुष्यस्वभाव ओळखणारास पटणार नाही. ॲरिस्टॉटलने धैर्य हे भ्याडपणा व अविचार यांच्या मधले मानिले. पडण्याची शक्यता डोळ्यांपुढे आणून, तिची तजवीज करून, मग निघणारा स्वार त्या मध्यबिंदूच्या अधिक जवळ असतो, असे मला वाटते.

येथवर सक्तीची बाजू बळकट दिसते. तथापि तेवढ्यावर थांबणे अन्यायाचे होईल. शर्यती खेळणारे थोडे, पडणारे पुष्कळ. म्हणून असा विमा स्वस्त असू शकत नाही. मोठ्या कारखान्यांच्या पथकातील स्वाराचा भार त्याचा कारखाना वाहतो. परंतु परदेशी धावणाऱ्यांत पदरमोड करून, कर्ज काढून आलेले हौशी स्वार पुष्कळ असतात. त्यांस ‘विमा दाखवा, नाहीतर परत जा’ एवढेच सांगणे म्हणजे साहस ही श्रीमंतांची मिरास करणे होय. आणि शर्यतीचा लाभ एकट्या स्वारास होतो काय? आइल ऑफ मॅनची शर्यत तेथील सरकारच्या मालकीची आहे. शर्यतीच्या दिवसांत बेटावर येणाऱ्या प्रेक्षकांवर तेथील खाणावळींची व दुकानांची कमाई होते. यंत्रे बनविणारे कारखाने जाहिरात करितात; चित्रे दाखविणारे द्रव्य मिळवितात; आणि आपण घरबसल्या थरार अनुभवितो. ज्याच्या धोक्यातून इतक्यांचा लाभ होतो, त्या धोक्याचा सगळा भार त्या एकट्याच्या माथी मारणे हा कोणता न्याय? विमा सक्तीचा असावा. पण त्याच्या हप्त्याचा वाटा शर्यत भरविणारांनी आपल्या उत्पन्नातून उचलावा, आणि हौशी स्वारासाठी तो वाटा मोठा असावा. असे झाले म्हणजेच सक्तीस नीतीचे अधिष्ठान मिळेल.

राहिला प्रश्न परत आणण्याचा. उपचार जेथे चांगले तेथे रुग्णास राहू द्यावे, मायदेशाचा हट्ट कशास, असे हिशेबी मनुष्य विचारील. २०२१ च्या त्याच शर्यतीत, संतोष पडल्यानंतर चारच दिवसांनी, पिएर शेर्पँ हा बावन्न वर्षांचा हौशी फ्रेंच स्वार पडला. सकाका येथे त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, तेथून त्यास जेद्दाहला हलविण्यात आले, आणि पुढे फ्रान्सला नेत असता विमानातच त्याने प्राण सोडिला. मग ते विमान व्यर्थ गेले काय? ज्याच्या घरातील माणूस कधी परमुलखात आजारी पडले आहे, तो या प्रश्नास होय म्हणणार नाही. डॉक्टर काय म्हणाले हे परक्या भाषेत कळत नाही. सह्या कशावर घेतल्या ते समजत नाही. मध्यरात्री दूरध्वनी वाजला की उचलण्याचा धीर होत नाही. शुद्ध हरपलेल्या रुग्णास कदाचित याची जाणीव नसेल; पण घरी बसलेल्यांस ती क्षणोक्षणी असते, आणि त्यांनी तर कोणताही धोका आपखुशीने पत्करलेला नसतो. स्वाराच्या स्वातंत्र्याची चर्चा करताना या मंडळींची संमती कोणी विचारीत नाही. परतीचा विमा बव्हंशी त्यांच्यासाठी आहे.

आपल्या भाषेत ‘योगक्षेम’ असा एक शब्द आहे. न मिळालेले मिळविणे हा योग, आणि असलेले राखणे हे क्षेम. १९५६ साली स्थापन झालेल्या आपल्या आयुर्विमा महामंडळाने गीतेतील वचन ब्रीद म्हणून निवडिले, तेही याच शब्दाने आरंभ होणारे. २०२४ साली केरळचे श्री. हरिथ नोह यांनी डाकार शर्यतीत आपल्या वर्गात पहिला क्रमांक मिळविला; त्यांच्या मागून आणखी तरुण निघतील, आणि निघावेत. योगाची ओढ तारुण्यास शिकवावी लागत नाही. क्षेमाची काळजी मात्र निघणाराने, त्यास धाडणाराने आणि त्याच्या धावण्यावर मिळविणाराने मिळून वाहिली पाहिजे. आणि ती शर्यतीचे निशाण पडण्यापूर्वी वाहिली पाहिजे, कारण मागाहून तिची किंमत भरावयास घरातील माणसेच उरतात.