बोली लागते ती कशाची?

नोव्हेंबर २०२४ मध्ये सौदी अरेबियातल्या जेद्दा शहरात आयपीएलचा मोठा लिलाव झाला. लखनौ सुपर जायंट्सने ऋषभ पंतसाठी २७ कोटी रुपये मोजले. आयपीएलमध्ये तोवर कोणावरही एवढी बोली लागली नव्हती. त्याच संघाने सोलापूरचा अष्टपैलू अर्शिन कुलकर्णी आणि तुळजापूरचा वेगवान गोलंदाज राजवर्धन हंगरगेकर यांना प्रत्येकी ३० लाखांत घेतले. एका पंतच्या पैशांत असे नव्वद खेळाडू आले असते.

त्यातही हंगरगेकरचे आकडे विचार करायला लावतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये भारताने १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकला आणि आठवड्याभरानंतर चेन्नई सुपर किंग्जने त्या संघातल्या या पोराला दीड कोटीला उचलले. त्याची मूळ किंमत होती ३० लाख. पुढच्या वर्षी अहमदाबादला पहिल्याच आयपीएल सामन्यात त्याने तीन गडी बाद केले. आणि पावणेतीन वर्षांनी बोली पुन्हा ३० लाखांवर येऊन थांबली. खांदा तोच, मेहनत तीच, माणूसही तोच. मग १ कोटी २० लाख रुपये गेले कुठे?

सरळ उत्तर असे, की ते त्याच्यात कधी नव्हतेच. लिलावात बोली कशी चढते ते पाहिले की हे कळते. प्रत्येक संघाच्या थैलीत ठरावीक पैसा असतो आणि भरायच्या जागाही ठरलेल्या असतात. एकाच खेळाडूवाचून दोन संघांचे अडले की हात वर होत राहतात. एकाचेच अडले असेल तर मूळ किमतीलाच हातोडा पडतो. नाव यादीत आधी पुकारले गेले की थैल्या रिकाम्या झाल्यावर, यानेही फरक पडतो. म्हणजे बोली मोजते ती घेणाऱ्याची नड. खेळाडूची गुणवत्ता त्यात असते, पण अनेक कारणांपैकी एक म्हणून.

अर्शिनचेच पाहा. जून २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये ईगल नाशिक टायटन्सकडून त्याने पुणेरी बाप्पाविरुद्ध ५४ चेंडूंत ११७ धावा कुटल्या. त्यात १३ षटकार होते, आणि वर चार बळीही त्याचेच. त्याच वर्षी १९ डिसेंबरला दुबईच्या लिलावात लखनौने त्याला २० लाखांत घेतले. त्याच दिवशी, त्याच सभागृहात मिचेल स्टार्क २४ कोटी ७५ लाखांना कोलकात्याकडे गेला. पुढे मे २०२४ मध्ये लखनौच्या मैदानावर दोघे समोरासमोर आले. स्टार्कच्या चेंडूवर अर्शिनचा फटका हवेत उडाला आणि रमणदीप सिंगने मागे पळत जाऊन अफलातून झेल टिपला. तेवढ्या चेंडूपुरता दोघांच्या रकमांचा काडीचाही संबंध नव्हता. एकाने चेंडू टाकला, दुसऱ्याने फटका मारला.

मोबदला म्हणजे माणसाची किंमत नव्हे, हा विचार सोलापूरकराला परका वाटू नये. ग्रामदैवत सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातले शरण, म्हणजे लिंगायत परंपरेतले संत. गावाच्या मधोमध असलेला तलाव त्यांनी लोकांना हाताशी धरून खोदवून घेतला, ही गावाची श्रद्धा. शरण अल्लमप्रभूंच्या भेटीनंतर ते कल्याणला, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणला गेले. तिथे बसवेश्वरांच्या अनुभवमंटपात, म्हणजे शरणांच्या चर्चासभेत, चांभार, नावाडी, सूत कातणारी बाई आणि राजाचा मंत्री एकाच पंक्तीला बसत. बसवेश्वरांनी स्वतः मंगळवेढ्याला बिज्जल राजाच्या खजिन्यात नोकरी केली होती. म्हणजे पगाराला या मंडळींची हरकत नव्हती. त्यांचे म्हणणे एवढेच, की प्रामाणिक काम हीच पूजा, त्याला कायक म्हणावे, आणि कामाच्या मोबदल्यावरून माणसाची पायरी ठरवू नये.

त्यांच्यातल्या मारय्या आणि लक्कम्मा या जोडप्याची कथा प्रसिद्ध आहे. अंगणात सांडलेले तांदूळ वेचणे हे मारय्याचे कायक. एके दिवशी त्याने रोजच्यापेक्षा जास्त दाणे आणले. लक्कम्माने त्याला तिथूनच परत पाठवले: गरजेपुरते ठेव, उरलेले जिथले तिथे टाकून ये. आजच्या खेळाडूने २७ कोटी परत करावेत असा याचा अर्थ लावणे भाबडेपणाचे होईल. खेळाडूची कारकीर्द दहा-बारा वर्षांची, आणि एक गुडघा गेला की सगळेच संपले. पण किती घ्यायचे, हे लक्कम्माने स्वतः ठरवले. खरा प्रश्न इथेच येतो. करारात माणसाच्या हाती काय उरते?

राजा हरिश्चंद्राने काशीच्या बाजारात स्वतःला विकले आणि डोंबाघरी चाकरी पत्करली. तरी पुराण त्याला हीन मानत नाही, कारण दिलेल्या शब्दासाठी विकून घेण्याचा निर्णय त्याचा होता. अमेरिकेत कर्ट फ्लड या बेसबॉलपटूचे दुखणे नेमके उलटे होते. सेंट लुईस कार्डिनल्सकडून बारा हंगाम खेळल्यावर १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये त्याला फिलाडेल्फियाच्या संघाला देऊन टाकण्यात आले. त्याला कोणी विचारलेही नाही. करार संपला तरी खेळाडू संघाच्याच ताब्यात, असा तिथला नियम होता. पगार भरपूर होता, तरी आपण कोणाची मालमत्ता नाही असे बेसबॉलच्या आयुक्तांना कळवून फ्लड कोर्टात गेला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला. त्याची कारकीर्दही मोडली. १९७५ च्या डिसेंबरमध्ये दुसऱ्या दोन खेळाडूंच्या बाजूने लवादाचा निकाल लागला आणि तो नियम ढासळला. बेसबॉलपटू शोहेई ओतानीने डिसेंबर २०२३ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सशी दहा वर्षांचा ७० कोटी डॉलर्सचा करार केला. संघ त्याने स्वतः निवडला होता. ती मोकळीक फ्लडच्या पिढीने मिळवलेली आहे.

आयपीएलमध्ये खेळाडू नाव आपणहून नोंदवतो, पण संघ निवडू शकत नाही. बोली लागल्यावर सबळ कारणाशिवाय माघार घेतली तर दोन वर्षे बंदी. २०२५ मध्ये इंग्लंडच्या हॅरी ब्रूकवर ती लागली. संघाने त्याच्या भरवशावर आखणी केलेली असते, हे मान्य. तरीही छोट्या कारकिर्दीतली दोन वर्षे हा फार जबर दंड आहे.

आणि करारात हाती काय उरते, हा प्रश्न सोलापूर जिल्ह्यात क्रिकेटपेक्षा कितीतरी मोठ्या संख्येने उभा आहे. साखर कारखान्यांच्या हंगामाआधी, पावसाळ्यातच, मुकादम ऊसतोड मजुरांना उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि करार कोयत्याचा. बाई बाळंत झाली, पोर तापाने फणफणले, तरी खाडा पडला की पैसे कापले जातात. हंगामात उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर चढते आणि मजुराला त्याच मुकादमाकडे परतावे लागते. फ्लडचा संघ त्याला सोडत नव्हता, इथे बाकी सोडत नाही. कर्जापायी माणूस बांधून ठेवणारी वेठबिगारी बंद करणारा कायदा भारतात १९७६ सालीच झाला. तरी हिशेबाची वही अजून मुकादमाच्याच हातात असते. कोयत्यामागे किती उचल मिळाली यापेक्षा ती वही मजुराला वाचायला मिळते का, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याला ‘यंदा येत नाही’ म्हणता येते का, हे आधी विचारायला हवे.