भ्यायचं कुणाला?

माझ्या नातीनं २०२५ च्या ऑक्टोबरात एकतीस भुतं काढली. काढली म्हणजे कुणाच्या अंगातून नव्हे. ती विद्या आमच्या घराण्यात असती, तर मी दर महिन्याला पेन्शनच्या तारखेकडे डोळे लावून बसलो नसतो. तिनं काढली ती कागदावर, काळ्या शाईनं, रोज एक. पहिली पंधरा पुण्यात आणि उरलेली दिवाळीच्या सुट्टीत आमच्या अवसरी बुद्रुकला.

"हे काय व्रत?" मी विचारलं.

चौकशीअंती कळलं ते असं. २००९ साली जेक पार्कर नावाच्या अमेरिकन चित्रकारानं ऑक्टोबरभर रोज एक शाईचं चित्र काढायचा नेम धरला आणि बघता बघता जगभरची पोरं त्याच्या मागं लागली. महिनाअखेरीस, ३१ तारखेला, तिकडे हॅलोवीन म्हणजे भुताखेतांचा सण असतो, म्हणून पुष्कळजण भुतंच काढतात. मला काही गैर वाटलं नाही. आपल्याकडे चातुर्मासात बायका लाख वाती वळतात, ही एकतीस भुतं वळते. नेम तो नेम.

हिला मात्र ते पटेना. "सणासुदीला घरात भुतं? लक्ष्मी दारातूनच परत जाईल!" मी समजूत घातली. म्हटलं, अगं, तिकडे हॅलोवीनला भोपळा पोखरून त्यात दिवा लावतात, आपण नरकचतुर्दशीला कारीट पायाखाली चिरडतो. भोपळा काय नि कारीट काय, दोन्ही काकडीच्याच कुळातली. भूत असो नाहीतर नरकासुर असो, माणसं राग काढतात तो बिचाऱ्या वेलांवर! यावर ही म्हणाली, "वेलांवरून आठवलं, बाजारात जाल तेव्हा एक दुधी आणा." माझ्या तत्त्वज्ञानाचा शेवट नेहमी असा पिशवीत होतो.

रात्री जेवणं झाली की नात सिनेमे लावायची, रक्त पिणाऱ्या पिशाच्चांचे. पहिला १९२२ सालचा, मुका, 'नोस्फेरातू'. निर्मात्यांनी ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'वरून तो परवानगी न घेताच काढला. स्टोकरच्या विधवेनं कोर्टात खेचलं आणि सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम मिळवला. तरी काही प्रती उरल्याच. मेलेला पुन्हा उठतो, हे त्या सिनेमानं स्वतःच्या बाबतीत सिद्ध करून दाखवलं. मग १९५८ चा ख्रिस्तोफर लीचा. हा उंच, देखणा, कपड्याला इस्त्री केलेला. आमचं झोटिंग त्याच्यापुढे अगदीच गावंढळ दिसेल. पण या पिशाच्चाला लसूण सोसत नाही म्हणे. आमच्या तालुक्यात तर त्याची उपासमारच व्हायची, कारण इथं लसणाच्या चटणीशिवाय भाकरीचा तुकडा मोडत नाहीत. शिवाय घरातल्या कुणीतरी 'या' म्हटल्याशिवाय तो पहिल्यांदा उंबरा ओलांडू शकत नाही. इतकं सभ्य पिशाच्च मी पाहिलं नाही. आमचे पाहुणेसुद्धा एवढे थांबत नाहीत.

मीही थोडं ज्ञान पाजळलं. 'ड्रॅक्युला' आली १८९७ मध्ये. त्याच्या सत्तावीस वर्षं आधी, १८७० मध्ये, रिचर्ड बर्टननं आपल्या वेताळपंचविशीतल्या गोष्टी इंग्रजीत नेल्या आणि पुस्तकाला नाव दिलं 'विक्रम अँड द व्हँपायर'. म्हणजे गावाच्या शिवेवर शेंदूर लावून राखण करणारा आमचा वेताळ साहेबाच्या देशात आधीच व्हँपायर होऊन बसला होता.

हे सगळं ऐकायला शेजारचा सहा वर्षांचा पोरगा रोज येऊन बसे. एका रात्री चित्रांची चळत चाळता चाळता तो म्हणाला, "ताई, ह्यो खोटाय ना?"

"खोटाच."

"हडळ?"

"तीपण."

मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी, मंग बिबट्या पण तुमचा खोटाच ना?"

बाहेर उसाची पानं सळसळत होती. इथं एक सांगायला हवं. धरणांचं पाणी आलं, कालवे आले, ऊस आला आणि उसाबरोबर बिबट्याही आला. बाराही महिने दाट आडोसा नि हाताशी कुत्री-डुकरं, मग त्यानं जंगलात कशाला राहावं? मादी उसातच वितेही. माणसाला रात्रीची वीज मिळाली की बारे द्यायला त्याच उसात उतरावं लागतं. त्याच ऑक्टोबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेडला, बिबट्यानं एका लहान मुलीचा जीव घेतला होता. पुढे नोव्हेंबर लागताच त्याच गावात तेरा वर्षांचा मुलगा गेला आणि लोकांनी मंचरला पुणे-नाशिक रस्ता अडवून धरला.

आणि या पोराला तो खोटा वाटत होता. का, ते मला पक्कं ठाऊक होतं. भाकरी संपवली नाही की आई म्हणायची, "बिबट्या येईल." आमच्या पेरूवर चढला की मी म्हणायचो, "बिबट्या येईल." पाढे म्हणेना, तेव्हाही मी बिबट्यालाच कामाला लावलं होतं. बिचारा एकदाही आला नाही. पोरानं हिशेब केला आणि बिबट्याला बागुलबुवाच्या रांगेत नेऊन बसवलं.

माझी आजी विहिरीकाठच्या पिंपळावर मुंजा आहे, असं सांगायची. आम्ही तिकडे फिरकत नसू. मोठेपणी मुंजा नाही हे कळलं, पण तोवर पोहायला आलेलं होतं. मुंजा खोटा असला तरी विहीर खरी होती, आणि आजीनं त्या दोघांची गल्लत कधी केली नाही. मी मात्र विहिरीचाच मुंजा करून ठेवला होता. शिक्षकी पेशात छत्तीस वर्षं घालवलेल्या माणसाला ही चूक सहा वर्षांच्या पोरानं दाखवावी, हे तसं लागलंच. मुलांना भीती दाखवूच नये, असं म्हणणारे शहाणे आहेत. त्यांनी एकदा दिवेलागणीला आमच्या बांधावर उभं राहून ते म्हणावं.

"आजोबा," नात हळूच म्हणाली, "मी काढते ते खोटं आहे, हे मी आधीच सांगते. म्हणून तर मजा येते. तुम्ही त्याला तुमचं सांगितलंत का कधी?"

नव्हतं सांगितलं. मग सांगितलं. "हे बघ, पेरूच्या वेळी मी खोटं बोललो. पाढ्यांच्या वेळीही. पाढे येत नाहीत म्हणून बिबट्या येत नाही. पाढे येणाऱ्यांकडेसुद्धा तो येतो. पण बिबट्या खरा आहे. पिंपरखेडची गोष्ट खरी आहे. अंधार पडल्यावर एकट्यानं बाहेर जायचं नाही, उसाकडे तर नाहीच नाही."

तो बराच वेळ गप्प होता. "मंग पाढे कशाला म्हणायचे?" एवढं एक त्यानं विचारून घेतलं.

एकतिसावं चित्र बाकी होतं. मी नातीला सुचवलं, बिबट्या काढ. ती म्हणाली, "नको आजोबा. तो या चळतीतला नाही." तिनं पिंपळावरचा मुंजा काढला, शेंडीबिंडी ठेवून. हिनंसुद्धा चष्मा लावून तो पाहिला आणि "जानवं राहिलंय" म्हणून सांगितलं.

पोराचं घर आमच्या ओट्यापासून हाकेच्या अंतरावर. रोज तो एकटा उड्या मारत जायचा. त्या रात्री पायरीवर थांबला. "गुरुजी, तुमी सोडायला या."

मी काठी घेतली, नातीनं बॅटरी घेतली आणि मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावली. आवाज करत जावं, असं वनखात्याची माणसं सांगून गेली होती. त्याच्या दारापर्यंत आम्ही तिघं ओरडत-गात गेलो. आईनं दार उघडलं. तो आत गेला, पुन्हा बाहेर आला आणि उसाकडे बघत म्हणाला,

"आता तुमी दोघं कसं जाणार?"